बागबाजारचा खंदक आणि धुराचा तक्ता

उत्तर कोलकात्यात हुगळीच्या काठी बागबाजार नावाची जुनी वस्ती आहे. तिथल्या एका अरुंद गल्लीची पाटी वाचून कोणताही मराठी माणूस क्षणभर थबकतो. पाटीवर नाव असते ‘मराठा डिच लेन’, म्हणजे मराठा खंदक गल्ली. संशोधनाच्या निमित्ताने मी दोन हिवाळे बागबाजारात भाड्याच्या खोलीत काढले. या गल्लीवरून जाताना आपल्या पूर्वजांच्या कीर्तीविषयी वाटणारा अभिमान आणि संकोच यांचे प्रमाण मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

ही गोष्ट १७४२ सालची. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये शिरले. मराठी ‘बारगीर’ या शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले आणि हे बर्गी तिथल्या अंगाईगीतांपर्यंत जाऊन पोहोचले. घाबरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. आरंभ उत्तरेकडून, बागबाजारपासून झाला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाले आणि काम थांबले, कारण मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. पुढे अर्धवट खंदकात शहराचा कचरा पडू लागला, काही भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला आणि उरलासुरला भाग १८९३ मध्ये भरून काढण्यात आला. आज उरले आहे ते फक्त गल्लीचे नाव.

या नोंदीचा विषय मात्र मराठ्यांचा इतिहास नाही. विषय आहे हवा. पण नागपूरचा संबंध येथे संपत नाही, म्हणून खंदकापासून सुरुवात केली. अलीकडच्या काळात कोलकाता आणि हावडा या जुळ्या शहरांच्या हवेत तरंगणारे कण नेमके कोठून येतात, याचा सविस्तर अभ्यास झाला. तो पश्चिम बंगालच्या प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी केला नागपूरच्याच ‘नीरी’ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने. या खेपेला नागपूरकर आले ते गाळणकागद आणि हवा ओढणारे पंप घेऊन.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. देशातील सुमारे १३० शहरांनी हवेतील कणांचे प्रमाण २०२५–२६ पर्यंत ४० टक्क्यांपर्यंत घटवावे किंवा राष्ट्रीय मानक गाठावे, असे त्याचे सुधारित उद्दिष्ट आहे. कोलकाता त्या यादीत आहे. कोणत्या शहराने किती टक्के घट साधली, याच्या बातम्या अधूनमधून येत असतात आणि विद्यार्थी मला विचारतात की हे आकडे खरे मानायचे का. आकडे बहुधा खरे असतात. मोजले काय, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो कोलकात्यात सव्वाशे वर्षांपूर्वीही उभा राहिला होता. म्हणून थोडे मागे जाऊ.

हावड्याहून निघालेला लोहमार्ग १८५५ मध्ये राणीगंजच्या कोळसाक्षेत्रापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी रिश्रा येथे तागाची पहिली गिरणी सुरू झाली. या दोन घटनांनी हुगळीच्या दोन्ही काठांचे आकाश बदलून टाकले. राणीगंजच्या कोळशात बाष्पनशील द्रव्यांचे प्रमाण बरेच असते. असा कोळसा पेट लवकर घेतो, पण पुरेशी हवा न मिळाल्यास धूरही भरपूर देतो. लंडनने धुराविरुद्ध कायदा केला १८५३ मध्ये आणि कलकत्ता व हावड्यासाठी तसा कायदा झाला १८६३ मध्ये, म्हणजे अवघ्या दहा वर्षांनी. इंग्लंडबाहेरच्या अगदी आरंभीच्या धूरविषयक कायद्यांपैकी तो एक. परिणाम मात्र फारसा झाला नाही. धूर ‘फार’ आहे की ‘थोडा’ आहे हे ठरवायचे कोणी आणि कशावरून, याचे उत्तर त्या कायद्यापाशी नव्हते.

पुढचा अंक लॉर्ड कर्झनचा. राणी व्हिक्टोरियाच्या निधनानंतर कलकत्त्यात संगमरवरी स्मारक उभारण्याची कल्पना त्याचीच. मकराण्याचा पांढरा दगड आणि गिरण्यांची काजळी यांचे जमणार नाही, हे समजायला रसायनशास्त्र लागत नाही. १९०३ मध्ये बंगालच्या व्यापारी मंडळासमोर बोलताना कर्झनने शहराच्या धुराचा जाहीर समाचार घेतला. दुपारचे आकाश आणि संध्याकाळचे रंग या धुराने नासवले, अशी त्याची तक्रार होती. ऐकणाऱ्यांमध्ये त्याच धुराड्यांचे मालक बसले होते. त्याच सुमारास लीड्सचे अभियंते फ्रेडरिक ग्रोव्हर यांना पाहणीसाठी बोलावण्यात आले आणि १९०५ मध्ये बंगालचा धूर-उपद्रव कायदा संमत झाला. त्यासाठी स्वतंत्र आयोग आणि निरीक्षक नेमले गेले.

येथे एक छोटे विषयांतर करतो, कारण ते बागबाजारचे आहे. त्याच १९०५ च्या फेब्रुवारीत कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात कर्झनने सत्यनिष्ठा हा मुख्यतः पाश्चात्त्य आदर्श असल्याचे सुनावले. बागबाजारच्या बोसपाडा गल्लीत राहणाऱ्या भगिनी निवेदितांनी कर्झनच्याच जुन्या प्रवासवर्णनातील उतारा शोधून काढला. कोरियात असताना आपण आपले वय खोटे सांगितले, हे त्याने स्वतःच त्यात लिहून ठेवले होते. तो उतारा ‘अमृत बाजार पत्रिके’त छापून आला आणि शहरभर हशा पिकला. पत्रिकेचे कार्यालयही बागबाजारातच. कर्झनचा धूरविषयक कायदा चांगला होता असे मी पुढे म्हणणार आहे. त्याच्याविषयीचे माझे मत तेवढ्यावरून बांधू नये, म्हणून ही नोंद.

कायदा चांगला होता, याचे कारण त्याच्या अंमलबजावणीत मोजमाप होते. निरीक्षकांच्या हाती रिंगेलमानचा तक्ता आला. माक्सिमिलियन रिंगेलमान हे पॅरिसमधील कृषी अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक विलक्षण साधी युक्ती काढली. पांढऱ्या कागदावर काळ्या रेषांची उभी-आडवी जाळी छापायची. पहिल्या पत्रकावर रेषांची जाडी १ मिलिमीटर आणि मधली पांढरी जागा ९ मिलिमीटर. दोन्ही दिशांनी दहा भागांतील नऊ भाग पांढरे, म्हणजे पांढरे क्षेत्र ०.९ गुणिले ०.९, अर्थात ८१ टक्के. काळे उरले सुमारे २०. रेषा जाड करत गेले की ४०, ६० आणि ८० टक्के काळेपणाची पत्रके तयार होतात. हा तक्ता सुमारे पंधरा मीटर अंतरावर टांगला की डोळ्यांना रेषा दिसेनाशा होतात आणि उरतात फक्त राखाडीच्या छटा. निरीक्षकाने धुराड्याच्या तोंडाशी धूर पाहायचा, तक्ता पाहायचा आणि घड्याळ लावून लिहायचे की तासात किती मिनिटे कोणत्या छटेचा धूर निघाला.

भौतिकीच्या विद्यार्थ्याला यातल्या उणिवा लगेच दिसतील. धुराची अपारदर्शकता कणांच्या संख्येवर अवलंबून असते, तशीच ती धुराच्या झोताच्या जाडीवरही असते. रुंद धुराड्याचा विरळ धूरसुद्धा अरुंद धुराड्याच्या दाट धुराइतका काळा दिसू शकतो. सूर्य निरीक्षकाच्या पाठीशी आहे की समोर, आकाश निरभ्र आहे की ढगाळ, याने छटा बदलते. तरीही ‘फार’ आणि ‘थोडा’ यांच्या भांडणापेक्षा हा तक्ता शतपट बरा होता. पुढील वर्षांत दाट काळ्या धुराची मिनिटे घटत गेली, असे आयोगाचे अहवाल दाखवतात, आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नाही. गिरणीमालकाला आपला आकडा कळत होता, शेजारच्या गिरणीचाही कळत होता.

प्रत्यक्ष धूर कमी करण्याचे काम पडले ते बॉयलरसमोर उभ्या असलेल्या आगवाल्यावर. भट्टीत एकदम पुष्कळ कोळसा टाकला की वरचा थर तापताना त्यातून वायू आणि डांबरी वाफा झपाट्याने बाहेर पडतात. आग त्याच क्षणी थंडावते आणि आतली हवा अपुरी पडते. अर्धवट जळलेल्या या वाफांची काजळी होते. थोडा थोडा कोळसा वारंवार आणि पसरून टाकला तर हे टळते. सांगायला सोपे, पण बंगालच्या उन्हाळ्यात धगधगत्या भट्टीचे दार दर काही मिनिटांनी उघडून फावडे मारणे म्हणजे काय, याचा विचार करावा. एकदाच भरपूर कोळसा लोटून चार पावले मागे सरकावेसे कोणालाही वाटेल. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि अभियंत्यांच्या लेखी ‘देशी आगवाल्याचे अज्ञान’ हे धुराचे पहिले कारण होते. बॉयलर क्षमतेपलीकडे दामटले जातात, धुराडी बुटकी आहेत, एका माणसावर अनेक भट्ट्या सोपवल्या आहेत, ही कारणे त्या मानाने हळू आवाजात सांगितली जात.

मालकांना पटवण्यासाठी आणखी एक युक्तिवाद होता: काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणजे वाया जाणारा पैसा. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. काजळीच्या रूपाने जाणारा कार्बन दिसतो भयंकर, पण वजनाने अगदी थोडा असतो. धूर दिसू नये म्हणून भट्टीत गरजेपेक्षा जास्त हवा सोडली, तर ती हवा तापवण्यातच अधिक उष्णता वाया जाऊ शकते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९०५ च्या कायद्यात ‘भट्टी’ या शब्दाची व्याख्या होती. वाफेच्या यंत्राची असो वा अन्य कोणत्याही कामाची, प्रत्येक भट्टी तिच्यात येत होती, दोन अपवाद सोडून. एक अपवाद चितेचा. बागबाजारला लागूनच काशी मित्र घाट आणि थोडे दक्षिणेला निमतला घाट ही शहराची जुनी दहनस्थाने आहेत. त्यांना हात लावण्याचे धाडस सरकार करणार नव्हते, आणि ते योग्यच होते. दुसरा अपवाद घरगुती चुलीचा. तोही त्या काळाला धरून होता. परक्या सरकारचा निरीक्षक घराघरांच्या स्वयंपाकघरात शिरणे कोणाला रुचले असते? शिवाय चुलीला धुराडेच नसते. तिचा धूर दारातून, खिडकीतून, कौलांच्या फटीतून झिरपत बाहेर येतो. त्याला ना झोत, ना तोंड, ना निश्चित छटा. रिंगेलमानचा तक्ता समोर धरायचा तरी कोठे? कायद्याने चूल वगळली होती आणि साधनाला ती दिसतही नव्हती. दोन्ही गोष्टी इतक्या बेमालूम जुळल्या की पुढे कित्येक वर्षे ‘धुराचा प्रश्न’ म्हणजे ‘धुराड्यांचा प्रश्न’ असाच अर्थ राहिला.

हिवाळ्यात चुलींचा धूर शहरावर कसा बसतो, हे कोलकात्यात राहिल्यावर कळते. पावसाळ्यात समुद्राकडून येणारे दक्षिणी वारे आणि पाऊस हवा धुऊन काढतात. नोव्हेंबरनंतर वारा उत्तरेकडून, तोही मंद. सूर्य मावळताच जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. भूगोलाच्या पुस्तकात आपण याला तापमानाची विपरीतता म्हणतो. थंड, जड हवा खाली अडकते आणि तिच्यात जे सोडाल ते तिथेच राहते. नेमक्या त्याच घटकेला, म्हणजे पाच-सहाच्या सुमारास, घरोघरी रात्रीच्या स्वयंपाकाच्या शेगड्या पेटत.

माझ्या घरमालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांना सगळे मासिमा म्हणत, मीही म्हणत असे. त्या ‘तोला उनुन’विषयी सांगत. लोखंडी बादलीला आतून माती लिंपून केलेली ही उचलती शेगडी. तिच्यात खाली गोवरीचे तुकडे, वर कोळसा किंवा कोळशाच्या चुऱ्याचे गोळे. पेटताना ती इतका धूर ओकत असे की ती घरात पेटवणे अशक्यच. म्हणून सगळ्या गल्लीतल्या बायका आपापली बादली दारापुढे आणून ठेवत, पंख्याने वारा घालत, धूर ओसरून निखारे लाल झाले की उचलून आत नेत. “पाच वाजले की खिडक्या बंद,” मासिमा म्हणत, “आणि तरी दिव्याभोवती धुराचं कडं दिसायचं. सासूबाईंचा खोकला दर थंडीत यायचा, फाल्गुनात जायचा. एका वर्षी गेला नाही.” मग हा धूर गेला कधी, असे मी विचारले. “घरात गॅस आला तेव्हा. सरकारनं नाही घालवला बाबा, टाकीनं घालवला.”

मासिमांचे हे वाक्य मी इतिहासाच्या कसोटीवर पुन्हा पुन्हा घासून पाहिले आहे. ते बरेचसे टिकते. कोलकात्याच्या धूर-आयोगाला चुलींचा प्रश्न कळला नव्हता असे नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच तो स्पष्ट होत गेला. सौम्य कोक, म्हणजे अगोदरच भाजून बाष्पनशील द्रव्ये बरीचशी काढून टाकलेला कोळसा, घरोघरी वापरला जावा यासाठी १९२९ मध्ये खास उपकराचा कायदाही झाला. पण या कोकचा प्रचार करण्यात खाण-उद्योगाचा रस बाजारपेठेत होता, आणि पेटवताना धूर तोही देतच होता. घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या बहुसंख्येने विझल्या त्या गॅसच्या टाक्या सहज मिळू लागल्यावर. त्यामागे हवेच्या गुणवत्तेचा कोणताही कायदा नव्हता.

मुंबईची कथा याला समांतर जाते. कलकत्त्याचा कित्ता गिरवून मुंबईत १९१२ मध्ये धूर-उपद्रव कायदा झाला. पण तीनच वर्षांनी, १९१५ मध्ये, टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून वीज येऊ लागली आणि कापडगिरण्यांनी वाफेची यंत्रे हळूहळू मोडीत काढली. गिरणगावचे आकाश स्वच्छ करण्यात निरीक्षकाच्या तक्त्यापेक्षा सह्याद्रीवरच्या पावसाचा वाटा मोठा होता, असे मला वाटते. आणि लंडनलाही घरातल्या शेगडीकडे पाहायला शंभर वर्षे लागली. डिसेंबर १९५२ च्या धुरक्याने काही दिवसांत हजारो माणसे मारली, तेव्हा कोठे १९५६ च्या कायद्याने घरगुती धुराला हात घातला आणि धूरमुक्त विभाग ठरवले. तोही कायदा यशस्वी झाला तो पर्यायी इंधन हाती होते म्हणून.

यानंतर मोजमापाचे साधन बदलले. छटेच्या जागी वजन आले. ठरावीक हवा गाळणकागदातून ओढायची, कागदाचे वजन आधी आणि नंतर करायचे, फरकाला हवेच्या घनफळाने भागायचे. भारतात हे काम शहरोशहरी पद्धतशीर सुरू केले ते नीरीने. १९५८ मध्ये नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून स्थापन झालेल्या आणि १९७४ मध्ये आजचे नाव मिळालेल्या या संस्थेने १९७८ पासून दहा शहरांत हवामापनाचे जाळे उभारले. कोलकाता त्यांपैकी एक. प्रत्येक शहरात औद्योगिक, व्यापारी आणि निवासी अशा तीन प्रकारच्या जागा निवडलेल्या होत्या. ‘निवासी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. लोक राहतात तिथली हवा मोजायची, धुराड्याचे तोंड नव्हे. १९८१ मध्ये हवा प्रदूषण कायदा झाला आणि १९८४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशव्यापी मापन हाती घेतले.

पण वजन हे मापही सगळे दाखवत नाही, आणि येथे थोडे गणित करू. कणाचे वस्तुमान त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. १० मायक्रोमीटर व्यासाचा धुळीचा एक कण वजनाला १ मायक्रोमीटर व्यासाच्या १,००० कणांइतका भरतो, आणि ०.१ मायक्रोमीटरच्या १० लाख कणांइतका. म्हणजे हवेतल्या सगळ्या कणांचे एकत्र वजन केले तर रस्त्यावरची माती बाजी मारते आणि गाडीच्या धुरातले, शेगडीतले, जळत्या कचऱ्यातले सूक्ष्म कण हिशेबात मागे पडतात. शरीराचा हिशेब उलटा आहे. मोठे कण नाकात-घशात अडतात. सूक्ष्म कण फुप्फुसाच्या अगदी खोल कप्प्यांपर्यंत जातात. पडण्याच्या वेगातही असाच फरक असतो. स्थिर हवेत, पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रोमीटरचा कण सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर खाली येतो; एका मजल्याची उंची तो सतरा-अठरा मिनिटांत उतरतो. १ मायक्रोमीटरच्या कणाला त्याच तीन मीटरसाठी जवळजवळ एक पूर्ण दिवस लागतो. तोवर वारा त्याला कोठल्या कोठे नेतो.

म्हणूनच आता दोन आकडे वेगळे मोजतात. १० मायक्रोमीटरपर्यंतच्या सर्व कणांचे वजन म्हणजे पीएम १०, २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे वजन म्हणजे पीएम २.५. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार वर्षाच्या सरासरीची मर्यादा अनुक्रमे ६० आणि ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी पीएम २.५ साठी फक्त ५ आहे.

आता आजच्या बातमीकडे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांच्या कामगिरीचे मूल्यमापन होते ते पीएम १० वर. जो आकडा मोजला जाईल त्यासाठीच खर्च होणार, हे मानवी स्वभावाला धरून आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटने २०२४ मध्ये केलेल्या आढाव्यानुसार या कार्यक्रमातील सुमारे ६४ टक्के निधी रस्त्यांची धूळ आवरण्यावर गेला: रस्ते पक्के करणे, खड्डे बुजवणे, झाडणारी यंत्रे, पाण्याचे फवारे. उद्योगांच्या प्रदूषणावर खर्च झाला एक टक्क्याहूनही कमी. रस्त्यावर पाणी मारणे निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. धूळही त्रासदायकच असते. पण फवाऱ्याने पीएम १० चा आलेख सुंदर उतरतो आणि पीएम २.५ त्याच्या मागे तेवढा उतरत नाही. आणखी एक अडचण अशी की सूक्ष्म कणांतील मोठा वाटा कोणत्याही धुराड्यातून ‘कण’ म्हणून बाहेरच पडत नाही. गंधकाचे आणि नत्राचे ऑक्साइड वायुरूपात निघतात, अमोनियाशी संयोग पावतात आणि वाटेत, हवेतच, त्यांचे सल्फेट व नायट्रेटचे कण बनतात. रिंगेलमानचा निरीक्षक अशा धुराड्याला निर्दोष म्हणून सोडून देईल. कणांच्या उगमाचा शोध घेणाऱ्या अभ्यासांत अशा दुय्यम कणांचा वेगळा हिशेब मांडावा लागतो तो यामुळेच.

कोलकात्यात काही पावले चांगली पडली आहेत, हेही नोंदवायला हवे. उच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशानंतर जुनी व्यावसायिक वाहने हटवण्याची मोहीम निघाली आणि दोन-ठोके इंजिनांच्या रिक्षांच्या जागी २००९ पासून एलपीजीवर चालणाऱ्या चार-ठोके रिक्षा आल्या. रिक्षाचालकांचा विरोध तीव्र होता, कर्जाचे ओझे त्यांच्यावरच आले. पण ज्याने जुन्या रिक्षेमागून सायकल चालवली आहे त्याला फरक विचारून पाहा. रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना कोळशाऐवजी गॅसच्या शेगड्या देण्याचा उपक्रमही राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने हाती घेतला. माझ्या मते हे काम फवाऱ्यांपेक्षा मोलाचे आहे, कारण त्यात विक्रेत्याला दंड करण्याआधी पर्याय दिला जातो. १९०५ च्या आगवाल्याला असा पर्याय कोणी दिला नव्हता.

बागबाजारच्या एका जानेवारीतल्या संध्याकाळी मी खिशात मावणारे एक स्वस्त कणमापक घेऊन फिरलो होतो. ते प्रकाशाच्या विखुरणावर चालते: लेसरच्या झोतातून कण गेला की प्रकाश किती विखुरतो, यावरून त्याचा आकार आणि संख्या अंदाजते. प्रकाशाच्या विखुरणावर ज्या शहरात रामन यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्च केली, तिथे हे खेळणे हाती धरताना थोडे हसू येत होते. नदीकाठी धुके उतरले होते आणि ओलाव्याने फुगलेल्या कणांनाही ते यंत्र धूळच समजते, म्हणून त्या दिवशीचे आकडे मी येथे देत नाही. चढउतार मात्र बोलका होता. घाटावर आकडा खाली. चहाच्या टपरीवरची कोळशाची शेगडी पेटत असताना तिच्यापाशी तो उंच उडाला. मिठाईच्या दुकानाच्या भट्टीखाना असलेल्या बोळात त्याहून वर. बसथांब्यावर पुन्हा वर. तीनशे पावलांत इतका फरक.

केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर कोलकात्याची सात स्वयंचलित केंद्रे दिसतात: बालीगंज, बिधाननगर, फोर्ट विल्यम, जादवपूर, रवींद्र भारती विद्यापीठ, रवींद्र सरोवर आणि व्हिक्टोरिया. सातांपैकी तीन नावे मैदान, सरोवर आणि स्मारकाच्या बागेची आहेत. कर्झनच्या संगमरवराशेजारची हवा तासातासाला मोजली जाते, हे बघून मला इतिहासाची गंमत वाटते. बागबाजारला सर्वांत जवळचे केंद्र रवींद्र भारतीचे, बी. टी. रोडवर, तीनेक किलोमीटर उत्तरेला. त्या केंद्रातले यंत्र बागबाजारच्या बोळातल्या भट्टीविषयी काही सांगू शकत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. ते सांगते परिसराची सरासरी.

विद्यार्थिमित्रांसाठी एक छोटा उद्योग सुचवतो. आपल्या शहरातल्या एखाद्या केंद्राची गेल्या चार-पाच हिवाळ्यांची पीएम २.५ आणि पीएम १० ची दैनिक नोंद केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. दोहोंचे गुणोत्तर काढा आणि त्याचा आलेख मांडा. पीएम १० घटत असेल आणि गुणोत्तर वाढत असेल, तर तुमच्या शहरात धूळ धुतली गेली, धूर तसाच राहिला. दोन्ही घटत असतील, तर अधिक महत्त्वाचे काही घडले आहे. ते काय, हे शोधून काढा. पावसाळ्याचे महिने वेगळे ठेवा, दिवाळीचे चार दिवस वेगळे ठेवा, आणि नोंदी गाळलेल्या दिवसांची संख्या जरूर लिहा. नाशिक, सोलापूर, चंद्रपूर, नागपूर ही आपली शहरेही यादीत आहेत. आलेख खाली टाका. चंद्रपूरचा कोणी करणार असेल तर मला आधी कळवा. तिथल्या औष्णिक केंद्राच्या वाऱ्याच्या दिशेने नोंदी वेगळ्या कशा करायच्या, हे सोबत बसून ठरवू.